दुसऱ्या चरणाची पोर

उदगीरच्या मोंढ्याच्या मागच्या अंगाला मल्लिनाथचं घर होतं, आणि त्या घरात पंचांग विचारल्याशिवाय लोणच्याची फोडसुद्धा बरणीत पडत नसे. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की सासू गंगम्मा, घरातल्यांच्या अव्वा, भिंतीवरचं पंचांग काढायच्या, स्वतःला वाचता येत नसलं तरी आजच्या रकान्यावर बरोबर बोट ठेवायच्या आणि सुनेला म्हणायच्या, वाच. उमादेवी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून हे काम लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिच्याकडं आलं होतं. तिथी, नक्षत्र, राहुकाळ ती शाळेतल्या कवितेसारखं एका सुरात वाचायची, आणि मग घर हलायचं. नवरा मल्लिनाथ मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीवर कधी निघणार, पाहुण्यांकडं आज जायचं का उद्या, पापडाचं पीठ कोणत्या वारी भिजवायचं, सगळं त्या एका रकान्यावर. तिला त्याचं जड वाटत नव्हतं. माहेरी नांदेडला तीन भावांच्या धाकात वाढलेल्या पोरीला ग्रहांचा धाक तो केवढा. ग्रह निदान आधी सांगून येतात.

एकाच गोष्टीचं तिला पहिल्यापासून भय होतं, ते म्हणजे निलंग्याच्या नणंदेचं. मल्लिनाथची ही थोरली बहीण मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणात जन्मली. मुळाचे चरण चार. पहिल्यातलं लेकरू बापाला भारी, दुसऱ्यातलं आईला, तिसऱ्यातलं घरच्या लक्ष्मीला, आणि चौथ्यातलं कुणालाच नाही. नणंद बारा दिवसांची असताना तिला निलंग्याला मामाकडं नेऊन ठेवलं ते ठेवलंच. आता तिच्या लेकी कॉलेजात जातात, पण तिनं ह्या घराचा उंबरा पाहिलेला नाही. सासरे सिद्रामप्पा तिचं तोंड न बघता एक्याऐंशी वर्षं जगले. गंगम्मा हे सांगताना डोळ्याला पदर लावायच्या नाहीत, औषध लागू पडलं अशा आवाजात सांगायच्या.

उमादेवी बाळंतपणाला नांदेडला आली आणि चैत्र वद्य पंचमीला, भर उन्हात, दवाखान्यात तिला मुलगी झाली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि कळा देताना बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती वेळ तिला स्वतःच्या नावासारखी पाठ झाली. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. नर्सबाईनं कार्डावरही तेच लिहिलं. उमादेवीची आई नीलाबाई व्हरांड्यात जाऊन ओळखीच्या, पंचांग बघणाऱ्या जंगमाला फोन करून आली, ती तोंड उतरवूनच. सकाळीच मूळ लागलं होतं, आणि पहिला चरण पावणेतीनपर्यंत होता. पंचवीस मिनिटं. पोर अजून पंचवीस मिनिटं पोटात थांबली असती तर.

संध्याकाळी मल्लिनाथचा फोन आला. अव्वा म्हणतात, जन्माची वेळ कागदावर लिहून फोटो पाठव, पत्रिका मांडायला गुरुलिंग स्वामींना आईच्याच हातचं पाहिजे. उमादेवीनं आईकडं बघितलं. नीलाबाई खिडकीकडं तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, तुझी लेक हाय, तू ठरव. तेव्हा उमादेवीनं वहीचं पान फाडलं आणि आपल्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. म्हणजे दुसरा चरण. बापावर नको, माझ्यावर येऊ दे, मी सोसते, असं ती मनात म्हणाली. वीस मिनिटं तिनं तशीच ठेवली होती, त्यामुळं खोटं निम्मंच झालं असं तिला वाटलं. फोटो गेला, आणि पोरीला निलंग्याची वाट धरावी लागणार नाही एवढ्या समाधानात ती कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली.

पुढचे चार दिवस तिनं पोरीला डोळे भरून पाहिलं. पहिलटकरणी जसं बघतात तसं, नखं मोजून, टाळूचं उडणं बघत. डाव्या कानाच्या पुढ्यात, कानशिलाला लागून, पोरीला सुईच्या टोकाएवढं एक बारीक भोक होतं; देवानं कान टोचायला घेतला आणि जागा चुकली असं. तिसऱ्या दिवशी मल्लिनाथ आला. तो दारातच उभा राहिला, पोरीपेक्षा उशाखालच्या कार्डाकडंच त्यानं जास्त वेळ बघितलं आणि मग घडी करून ते खिशात घातलं. सरकारी कामाला लागेल म्हणून नेलं असेल, असं तिनं धरलं.

पाचव्या दिवशी उदगीरहून निरोप आला. गुरुलिंग स्वामींनी पत्रिका मांडली होती. चंद्र मुळात, दुसऱ्या चरणात. चंद्रापासून चौथं घर मीनेचं, आणि मीनेत शनी आणि राहू एका ताटात जेवायला बसलेले. चौथं घर म्हणजे आई, आणि चौथं घर म्हणजे राहता संसार. पोरीला काही नाही, बापाला काही नाही, आईला जपायला पाहिजे. चंद्र फिरून मुळात येईपर्यंत, म्हणजे सत्ताविसाव्या दिवसापर्यंत, आईनं पोरीचं तोंड बघायचं नाही, फोटोसुद्धा नाही. मग शांती करायची, आणि त्या दिवशी आईनं लेकीला पहिल्यांदा तेलात बघायचं. आधी चार दिवस बघितलंय त्याचं काय, उमादेवीनं विचारलं. स्वामींनी सांगितलं म्हणे, ते बघणं धरायचं नाही.

नीलाबाईनं जुन्या मऊ धोतराची पट्टी फाडली. पोर पाजायला घ्यायच्या आधी ती उमादेवीच्या डोळ्यांवर बांधायची, पोर पदराखाली द्यायची, पाजून झालं की उचलून पलीकडच्या खोलीत न्यायची आणि मग येऊन गाठ सोडायची. उमादेवीच्या हातांना डोळे फुटले. पोर कधी जड झाली, कधी हलकी झाली, शेकशेगडीतल्या ओव्याचा वास अंगावर किती चढलाय, हे तिला न बघता कळायला लागलं. आणि पट्टीखाली ती एक चोरी करायची. पोर प्यायला लागली की हळूच करंगळीचं टोक डाव्या कानापुढं न्यायची. ते बारीक भोक लागायचं, आणि मग अंधारातसुद्धा आपलं माणूस सापडल्यासारखं तिला वाटायचं.

बाराव्या दिवशी उदगीरला पत्रिका पक्की लिहून झाली. लाल शाईनं लिहिली, वर भस्माची तीन बोटं ओढली, देवापुढं ठेवली, नाव ठेवलं अक्षरा आणि गल्लीत पेढे वाटले, असं मल्लिनाथनं फोनवर सांगितलं. त्याच दुपारी उमादेवीच्या करंगळीला ते भोक लागलं नाही.

तिनं दोनदा चाचपलं. पोर बाळसं धरून राहिली असेल, मांस भरलं असेल, असं म्हणून तिनं बोट मागं घेतलं. दुसऱ्या दिवशीही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं उजवा कान चाचपून बघितला, आपलीच बाजू चुकत असेल म्हणून. तिथंही काही नव्हतं. आईला सांगावं तर चोरी कबूल करावी लागणार, आणि चोरी कबूल केली तर स्वामींचं व्रत मोडलं असं होणार. ती गप्प राहिली. तेवढ्यात पोरीनं पिण्याची पद्धतही बदलली. आधी ती चार घोट घेऊन दम खायची, आता एका दमात प्यायची, भूक लागलेल्या मोठ्या माणसासारखी.

सव्विसाव्या दिवशी जीप आली. गंगम्मा पोरीला घेऊन मागच्या सीटवर बसल्या, उमादेवीला पुढं बसवलं आणि मागं वळायचं नाही म्हणून बजावलं. कंधार गेलं, जांब गेलं, जळकोटला चहा झाला. एवढ्या वाटेत पोर एकदाही रडली नाही. उमादेवीनं मात्र अख्खा रस्ता पाठीनं बघितला.

दुसऱ्या दिवशी शांती झाली. गुरुलिंग स्वामी म्हातारे, कानाला कमी, पण पंचांगाचा एकही आकडा न चुकवणारे. त्यांनी काशाच्या परातीत तिळाचं तेल ओतायला लावलं, परात उमादेवीच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्या पाठीमागं पोरीला घेऊन गंगम्मांना उभं केलं. पट्टी सुटली. तेल स्थिर व्हायला थोडा वेळ लागला. त्यात आधी वरची तुळई दिसली, मग पंख्याचं थांबलेलं पातं, आणि मग उमादेवीच्या खांद्यावरून पुढं झुकलेलं एक लहानसं तोंड.

पोर देखणी होती. भुवया कुणी काढल्यासारख्या, हनुवटी नीट, जावळ दाट. सत्तावीस दिवसांच्या लेकराची नजर एका जागी ठरत नाही, ती भिंतीवर, उजेडावर सांडत राहते. ही नजर ठरलेली होती. नवीन आलेल्या पाहुण्यानं आपल्याला दिलेली खोली नीट बघून घ्यावी, तसं त्या पोरीनं तेलातून उमादेवीचं तोंड बघून घेतलं.

"बघितलीस का?" गंगम्मांनी विचारलं.

"बघितली, अव्वा."

"नाक आमचं हाय. हट्ट नांदेडचा असंल." जमलेल्या बाया हसल्या, स्वामींनी अक्षता टाकल्या, आणि पोर उमादेवीच्या मांडीवर आली. तिनं आशीर्वादाला हात लावावा तसा पोरीच्या डाव्या कानाला हात लावला. मग उजव्या. उजेडात धरून बघितलं. दोन्हीकडं गुळगुळीत, कोवळी कातडी होती, तिच्यावर कधी काही नव्हतंच अशी.

त्या दिवसापासून उमादेवी सगळं नीट करत राहिली. पोरीला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, दृष्ट काढली. बाहेरून बघणाऱ्याला आई आणि लेक, दुसरं काही दिसलं नसतं. पण रोज दुपारी एक गोष्ट व्हायची. दोन वीस वाजले की पोर पाळण्यात शांत झोपलेली असायची, आणि उमादेवीला पान्हा फुटायचा. काही न आठवता, काही न ऐकता, हातातलं काम चालू असताना छाती भरून यायची आणि ब्लाउज भिजायचा. ती पोरीला उठवून जवळ घ्यायची तर पोर तोंड फिरवायची. जबरदस्ती केली तर ओठ मिटून, डोळे उघडे ठेवून नुसती बघत राहायची. बरोबर एका तासानं, तीन वीसला, ती स्वतः उठून रडायची. तोवर दूध वाहून गेलेलं असायचं, आणि वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजावं लागायचं.

"दूध सांडून राहिलीस कुणासाठी?" गंगम्मा एकदा म्हणाल्या. "मांजरीला ठेवलंस व्हय?"

उमादेवी हसली. त्यांच्या घरात मांजर नव्हतं.

मोबाईलमधले जुने फोटो तिनं आता बघितले, आता बघायला मोकळीक होती. दवाखान्यातले सहा फोटो होते. सहाही फोटोंत पोर झोपलेली, डोळे मिटलेले, आणि नीलाबाईनं घातलेलं टोपरं दोन्ही कानांच्या खालपर्यंत ओढलेलं. फोटोतली पोर कोणतीही असू शकत होती. ही असू शकत होती, ती असू शकत होती, शेजारच्या खाटेवरचीही असू शकत होती. फोटो बोटांनी मोठा करत करत शेवटी नुसते रंगाचे चौकोन उरायचे. ती त्या चौकोनांकडंसुद्धा बघत बसायची.

जेठातल्या एका दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा तिनं आईला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिनं विचारलं की कानापुढचं भोक आठवतं का. नीलाबाई म्हणाली, कसलं भोक? मी सव्वीस दिवस ह्या हातांनी तिला न्हाऊ घातलं, कानात तेल सोडलं, भोक असतं तर मला दिसलं नसतं का. बाळंतीण बाई हवेतलं काहीबाही बघते, डोक्याला रुमाल बांधत जा. मग पोर जन्मल्यापासून जे तिनं तोंडातून काढलं नव्हतं ते तिनं काढलं.

"आई, ती दोन वीसला झाली होती. तुला ठाव हाय. मी तीन वीस लिहिलं. तू खिडकीपाशी हुतीस."

पलीकडून नीलाबाई बोलली, रागानं नाही, उलट आजारी माणसाशी बोलावं तसं सांभाळून. "तीन वीसच की गं बाई. तुझ्या मागच्या घड्याळात मीच बघितलं. असं का बोललालीस?"

घड्याळ उमादेवीच्या मागं नव्हतं, समोर होतं. पण ते आता ती कुणाला दाखवणार होती.

फोन ठेवला आणि तासाभरात मोंढ्यातून माणूस पळत आला. हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी कोसळली होती. मल्लिनाथ तिच्या खालून निघाला, पण उजवा हात कोपराखाली मोडला. हमाल म्हणत होते, एक वितीचा फरक, डोकं वाचलं. संध्याकाळी तो प्लास्टर घालून घरी आला तेव्हा गंगम्मांनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, आणि उमादेवी चुलीपुढं बसून राहिली. आपण काय बोललो आणि कधी बोललो, हे तिला मिनिटाच्या हिशोबानं आठवत होतं.

आठ दिवसांनी, सोमवारी, ती दर्शनाचं निमित्त काढून गुरुलिंग स्वामींकडं गेली. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं, ती म्हणाली, लेकराची वेळ चुकीची सांगितली. त्यावर पत्रिका झाली, शांती झाली, सगळं झालं. आता ते फिरवता येईल का. स्वामींनी कानामागं हात धरून सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ते पंचांगाची पानं विनाकारण उलटत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र माघारी येतं. शांती माघारी येत न्हाई. ज्या वेळेच्या लेकराला केली, त्याला पोचती."

"अन् त्या वेळेचं लेकरू नसलंच तर?"

"आवतन दिलं, पाट मांडला, पान वाढलं," स्वामी म्हणाले, "तर कोणीतरी येऊन बसतंच की."

मग पहिली कुठं गेली, हे तिला विचारायचं होतं. पण स्वामींनी डोळे मिटून हात जोडले होते, आणि बाहेर दुसऱ्या बाया ताटकळल्या होत्या. घरी येताना तिला वाटलं, आपण पोरीला निलंग्यापासून वाचवलं. निलंग्याला ठेवली असती तर जीपनं दीड तासात तिथं पोचता आलं असतं, दारातून का होईना तिला बघता आलं असतं. निलंगा नकाशावर आहे.

घरातल्या पोरीचा ती राग करू शकत नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. पोर दिवसादिवसानं भरत चालली होती. उमादेवी आली की हातपाय हलवायची, तिच्या पदराची कड मुठीत धरून झोपायची. तिनं कुणाचं काही घेतलं नव्हतं. बोलावलं म्हणून ती आली होती, आणि ती बोलावणारं अक्षर उमादेवीचंच होतं. काही दुपारी वाटायचं, घ्यावी हिला पोटाशी, आणि मिटवून टाकावं. मग दोन वीस वाजायचे.

शेवटी तिनं मल्लिनाथलाच सांगायचं ठरवलं. मोडल्या हातामुळं त्याला गुंड्या लावता येत नसत, सकाळी आडतीवर जाताना तीच लावून द्यायची. त्या दिवशी ती खालून वर गुंड्या लावत आली आणि शेवटच्या गुंडीपाशी थांबली.

"एक सांगायचं होतं. पोरीची वेळ..."

"ठाव हाय मला," मल्लिनाथ म्हणाला.

तिनं मान वर केली. तो तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या डोक्यावरून पलीकडं, वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत होता. दवाखान्याच्या कार्डावर दोन वीस होते, तो सांगत गेला, ते त्यानं तिसऱ्या दिवशीच वाचलं होतं. आदल्या रात्री तिच्या कागदाचा फोटो स्वामींना दाखवताना त्यावर तीन वीस बघितलं होतं. तेव्हाच सगळं कळलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. बायकोला कधी हात लावला नव्हता, हुंड्याचं कधी तोंडातून काढलं नव्हतं. सांगताना त्याचा आवाज खाली खाली जात होता.

"तू माझ्यावरचं काढून स्वतःवर घेतलंस," तो म्हणाला, "अन् मी घेऊ दिलं. लहानपणापासून अक्काचं बघत आलोय. भ्यालो मी, उमा."

"कार्ड कुठं हाय?"

"चुलीत घातलं. बाराव्या दिवशी. पत्रिका झाली तवा."

उमादेवीच्या हातातली गुंडी तशीच राहिली. तिला त्या दुपारची आपली करंगळी आठवली, कोवळ्या कातडीवरून पुढं पुढं सरकत गेलेली. मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं. आपली पोर कुठंय.

मल्लिनाथनं पाळण्याकडं बघितलं. पोर जागी होती, आणि दोघांचं बोलणं चाललेलं असताना एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर नेत होती.

"थप्पी पडली त्या दिवशी," तो म्हणाला, "तू कुणाजवळ तरी बोलली हुतीस ना?"

तिनं नुसती मान डोलवली.

"बोलू नको. कुणाजवळच. तू तिचं बोललीस की ती खरी ठरती, अन् खरी ठरली की माझ्यावर येती. एकदा हातावर भागलं." प्लास्टरमधून बाहेर आलेली त्याची बोटं थंड होती, ती त्यानं तिच्या मनगटावर ठेवली. "मला मारू नको."

तिनं शेवटची गुंडी लावली. तो आडतीवर गेला. दिवसभर ती जिथं काम असेल तिथं काम करत राहिली आणि मनातसुद्धा ती वेळ न म्हणायचा प्रयत्न करत राहिली, आणि एखाद्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं की जे होतं तेच होत राहिलं. एकीकडं नवरा होता, रोज संध्याकाळी सायकल लावल्याचा आवाज करत घरी येणारा, जेवताना तिच्या ताटात आधी भाकरी टाकणारा. दुसरीकडं जिला तिनं फक्त चार दिवस पाहिलं होतं अशी एक पोर होती, आणि ह्या सगळ्या जगात तिच्या बाजूनं बोलायला एकटी उमादेवी होती. आता तिचं बोलणंही बंद झालं होतं. आठवणसुद्धा झिजायला लागली होती. पोरीचं तोंड आठवायला जावं तर तेलातलं तोंड पुढं यायचं. भोक डाव्या कानाला होतं, हे ती रोज स्वतःला सांगायची, आणि रोज सांगावं लागतंय ह्याचंच तिला भय वाटायचं.

नागपंचमी झाली आणि चार दिवसांनी अंगणवाडीच्या बाई आल्या. त्या गल्लीतल्या सगळ्या लेकरांची नोंद मोबाईलमध्ये भरत फिरत होत्या. मल्लिनाथचं प्लास्टर त्याच दिवशी निघायचं होतं, म्हणून तोही घरीच, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. गंगम्मा सुपात ज्वारी निवडत होत्या. बाईंनी पोरीचं वजन केलं, दंडाला पट्टी लावली, आणि गंगम्मांना म्हणाल्या, मावशी, नातीला काय चारून राहिलात, मला बी चारा. गंगम्मा म्हणाल्या, तुमचं वजन करायचा काटा न्हाई आमच्याकडं. सगळे हसले. मग बाईंनी मोबाईल पुढं धरला आणि एकेक प्रश्न विचारत गेल्या. आईचं नाव, वय, शिक्षण, लस कोणती झाली, कोणती राहिली. उमादेवी सांगत गेली.

"आजवर लेकरं किती झाली?" बाईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता, आणि बाई मान खाली घालून स्क्रीनवर बोट धरून होत्या, कसलाही आकडा भरायला तयार. त्या मोबाईलमध्ये दोन लिहिलं की ते सरकारात जाणार होतं, कुणी चुलीत घालू शकणार नव्हतं. उमादेवीला ते एकदम लख्ख कळलं. तिनं दाराकडं बघितलं. मल्लिनाथ हललेला नव्हता. चांगल्या हातानं त्यानं चौकट धरली होती, आणि तिच्याकडं तो असं बघत होता, की तसं त्यानं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. गंगम्मांचं सूप थांबलं होतं.

"किती म्हणून घालू, ताई?"

"एकच," उमादेवी म्हणाली. आणि बाई वर बघतायत असं वाटून, कुणी न विचारता, पुन्हा म्हणाली, "हीच. पहिली."

पाळण्यातून आवाज आला. तो रडण्याचा नव्हता. पोर हसत होती, तोंड भरून, आवाज काढून, आयुष्यात पहिल्यांदा.

गंगम्मा सूप टाकून उठल्या. यव्वा, हसली गं, हसली, म्हणत त्यांनी पोरीला उचललं, दाराशी नेऊन मल्लिनाथला दाखवलं, आणि परत आणून उमादेवीपुढं धरलं. आईचा आवाज ओळखला बघा, अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. पोर उमादेवीच्या तोंडाकडं बघून हसतच होती, आणि थोड्या वेळानं उमादेवीला आपले गाल दुखत असल्यासारखे वाटले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मघापासून आपणही हसतोय.